नजरेआड

—नाही, नाही, तुम्ही नका फिरवू. बोट माझ्या हातात सोडून द्या—असं—मनगट सैल, खांदा सैल, आणि तुम्ही नुसतं समोर भिंतीकडे बघा. त्या कॅलेंडरकडे बघा हवं तर. सगळे मला मदत करायला जातात आणि तिथंच ठसा फिसकटतो. नखाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत एका दमात फिरवावं लागतं, मध्ये अडखळलं की हा दिवा लाल होतो—बघितलंत? झाला लाल. काही हरकत नाही, पुन्हा घेऊ. घाई आहे का? नातीचं म्हणताय होय—अहो, झोपलीय की ती! मी बघतेय ना इथून. माझं तोंड खिडकीकडेच आहे. तुमची निळी गाडी अगदी दारासमोर, हीटर चालू, आणि पोरगी मागच्या सीटवर टोपी नाकापर्यंत ओढून गाढ. तुम्ही मान वळवलीत की खांदा वळतो आणि खांदा वळला की बोट सरकतं, म्हणून सांगतेय, वळू नका. दोन मिनिटांचं काम. फोनवर म्हटलं नव्हतं का मी, दोन मिनिटं?

हात फार धुता वाटतं तुम्ही—रेषा अगदी झिजल्यात. वय झालं की होतंच म्हणा, माझ्याही झिजल्यात. परवा एक गवंडी आला होता, मुलांच्या बेसबॉलच्या संघाला शिकवायला जायचंय म्हणाला, त्याच्या बोटांवर तर काहीच नाही, पाटी कोरी—आयुष्यभर विटा उचलून उचलून ठसेच पुसले गेलेले. मी म्हटलं, बाबा रे, तू बँक लुटलीस तर कुणाला पत्ता लागायचा नाही! इतका हसला. पण पोरांना चेंडू फेकायला शिकवायचं तर ठसे हवेत. हल्ली ह्या गावात लहान मुलाच्या आसपास फिरकायचं म्हटलं की आधी माझ्याकडे यावं लागतं—शाळेतल्या बाई, स्कूल बसचे ड्रायव्हर, पाळणाघरातल्या मुली, चर्चमध्ये रविवारी मुलांना गोष्टी सांगणारे म्हातारे—सगळे ह्या पार्सलच्या दुकानात, ह्या काचेवर. एका बाजूला खोकी चिकटवायची, दुसऱ्या बाजूला बोटं फिरवायची, असं माझं काम. आणि गंमत सांगू का? ह्या सगळ्यांचे हात हातात घेणारी मी—मला त्या शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायलासुद्धा ठेवणार नाहीत. इथं चालते. खोक्यांना आणि बोटांना मी चालते.

का म्हणजे? यादी आहे ना. तुम्हाला काय सांगायची ती यादी, काउंटीच्या मुलांच्या संरक्षणाच्या ऑफिसात इतकी वर्षं काढलीत तुम्ही—अर्जावर लिहिलंय की, 'निवृत्त', म्हणून म्हटलं. ठसे जातात पोलिसांकडे, त्यात चोर-दरोडेखोर सापडतात. आणि दुसरी तपासणी त्या यादीची—ज्यांनी मुलांना मारलं, छळलं, वाऱ्यावर सोडलं त्यांची. चांगली गोष्ट आहे हो, यादी असायलाच हवी, मी कुठं नाही म्हणते? असतात की राक्षस. पण बघा हं, चोराला कोर्ट असतं. चोराला सरकार वकील देतं, फुकट. समोर बारा माणसं पंच म्हणून बसतात, जज्ज विचारतो, तुला काही सांगायचंय का? यादीला असलं काही लागत नाही. यादीला एक बाई पुरते. टेबलाशी बसून शेरा मारते, 'तथ्य आढळलं', की संपलं—नाव चढलं, आणि चढलेलं नाव खाली उतरायला—जाऊ दे. माझ्या शेजारचा एक तुरुंगातून सुटून आला, दुकान फोडलं होतं त्यानं, आता गॅरेज काढलंय, लोक खुशाल किल्ल्या देतात त्याच्या हातात. मी रागानं नाही बोलत, खरंच. द्या तो डावा हात.

हा अंगठा मात्र छळणार आज. पुन्हा लाल! कोरडा ठणठणीत पडलाय. थांबा, मागच्या खोलीत लोशन आहे, ते आणते. हात काचेवरच ठेवा हं, उचलू नका, उचललात की मशीन पहिल्या बोटापासून सुरू करतं, मग बसा आणखी. आलेच मी.

—आले बाई. सापडेना. मालक काय कुठं ठेवेल नेम नाही—स्टॅन, त्याचं दुकान हे, आता मासे खायला गेलाय चर्चच्या तळघरात, ईस्टरआधीचा उपासाचा शुक्रवार ना आज, मटण वर्ज्य, मासे चालतात. काय? आतून बोलण्याचा आवाज आला? हो, एक फोन करायचा राहिला होता. द्या अंगठा. असं चोळलं ना, की रेषा वर येतात. खोकल्याची गोळी अजून चघळता वाटतं तुम्ही—म्हणजे, वास आला, चेरीचा.

हे शुक्रवार आले की मला पिरोग्या आठवतात. मी पण करायचे पूर्वी, दर वर्षी, त्याच तळघरात—आम्ही सगळ्या बायका, उजाडायच्या आत कंबर कसून. बटाट्याचं आणि चीजचं सारण भरायचं, दुमडायचं, कडा चिमटायच्या, उकळत्या पाण्यात सोडायच्या, तरंगून वर आल्या की कांद्या-लोण्यात परतायच्या. अख्खं गाव रांग लावायचं. चर्चचं छप्पर आमच्या पिरोग्यांवर दुरुस्त झालंय. आणि काय हसायचो हो आम्ही! म्हातारी ऑल्गा कडा चिमटताना नवऱ्याच्या नावानं चिमटायची—हा घे, अजून घे, असं. पण मुलांना खाली बंदी. ही एवढाली पातेली उकळत असायची, एकदा एका पोराचा हात भाजला, तेव्हापासून फादर मायरॉननी सांगूनच टाकलेलं, पोरं खाली नकोत. मग शाळेला सुट्टी असली की पोरं कुठं? गाडीत. सगळ्यांचीच. चर्चच्या मागच्या आवारात गाड्या ओळीनं उभ्या, इंजिन चालू, हीटर चालू, आत पोरं चित्रं काढतायत, भांडतायत, एका गाडीतून दुसरीतल्याला वाकुल्या दाखवतायत, आणि आमच्यातली एक कुणीतरी मधूनमधून वर जाऊन सगळ्यांच्या हातावर गरम पिरोगी ठेवून यायची. आमच्या आयांनी तसंच केलं, आम्ही तसंच केलं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

माझा मायलो तेव्हा पाच वर्षांचा. तुमच्या नातीएवढाच. आमचा जुना ट्रक मी मुद्दाम खिडकीशी उभा केलेला. तळघराची खिडकी कशी असते, बाहेरून जमिनीलगत, आतून छताजवळ, वीतभर उंचीची—तिच्यातून मला ट्रकची चाकं दिसत होती आणि मागचा धूर दिसत होता. चिमटत होते आणि बघत होते. चाकं आहेत, धूर आहे, म्हणजे इंजिन चालू आहे, पोरगं गरम आहे, सगळं ठीक आहे. त्या दिवशी कुणीतरी मुलांच्या छळाची तक्रार घेणाऱ्या हॉटलाइनला फोन केला. कुणी, ते आजतागायत नाही कळलं. नाव सांगावं लागत नाही ना. आणि इतक्या गाड्यांतून नेमका माझा ट्रक सांगितला—नवऱ्याला सोडून नुकती वेगळी राहायला लागले होते मी, गावाच्या तोंडी होतेच. झालं. त्या दिवसापासून त्या तळघरात पाऊल नाही ठेवलं. कसं ठेवू? जिच्या शेजारी उभं राहून पीठ लाटलं तिनंच तो फोन केला असेल, काय सांगावं? ऑल्गा गेली तेव्हा तिच्या मातीलासुद्धा नाही गेले. तिनं केला असेल असं नाही हो. पण केला असेल तर?

मग ऑफिसातून एक बाई आली. वागायला चांगली होती. करडा कोट, नीट विंचरलेले केस, हळू बोलणं. माझ्या स्वयंपाकघरात बसली—स्प्रूस रस्त्यावरचं नवीन भाड्याचं घर, पडदेसुद्धा लागले नव्हते अजून. मी अक्रोडाचा रोल केला होता, तो खाल्ला तिनं, दोन तुकडे, आणि म्हणाली, माझी आई अस्साच करायची. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, चला, आपल्यातलीच आहे, समजून घेईल. सगळं सांगून मोकळी झाले, मूर्ख बाई मी. हो म्हटलं, ट्रकमध्ये होता. हो, मी खाली होते. चाकं दिसत होती म्हटलं, धूर दिसत होता. ती म्हणाली, पण मुलगा दिसत होता का? मी म्हटलं, मुलगा नाही, चाकं. तिनं मान डोलावली आणि लिहून घेतलं. म्हणाली, कायद्यात एक शब्द आहे, नजरेआड. एवढं लहान मूल गाडीत एकटं, आणि तुमच्या नजरेआड. मी म्हटलं, अहो, जिन्याच्या तळाशी होते मी, हाक मारली असती तर ऐकू आली असती! ती म्हणाली, अंतराचा प्रश्न नाहीये. अशी हळू, गोड, लहान पोराला समजावल्यासारखी. आणि त्याच संध्याकाळी मायलोला घेऊन गेले. म्हणे, चौकशी होईपर्यंत.

बोट का आखडून घेताय? सैल सोडा. पुन्हा लाल झाला बघा.

परत दिला, दिला की. उन्हाळा लागल्यावर. जज्जनं कागद चाळले आणि म्हणाला, ह्यात काय आहे? पोराला घरी पाठवा. मी तर कोर्टातच रडायला लागले, वाटलं सुटलो. तोवर तीन घरं फिरून आला होता तो, तीन परक्या घरांत राहून. आल्या दिवशी मी त्याच्या आवडीचं सगळं आणून ठेवलेलं, आणि हा फ्रिजसमोर उभा. हात मागे बांधून. म्हणाला, ममा, उघडू का? स्वतःच्या घरातला फ्रिज! मी म्हटलं, अरे राजा, तुझाच आहे. उघड की. तर म्हणाला, आत्ता उघडायची वेळ आहे का? पुढं कित्येक वर्षं विचारायचा. मोठा झाला तरी विचारायचा. आता ओहायोत असतो, बापाकडे. फोन करतो कधीतरी, ख्रिसमसला, आणि काय म्हणतो माहितीय? म्हणतो, बोलू का आत्ता, वेळ आहे का तुला? माझ्या जिवाचं काय होत असेल सांगा.

तर यादी. यादीचं मला कुणी बोललंच नाही. मला वाटलं, जज्जनं सोडलं म्हणजे सोडलं. यादीला जज्जशी काही देणं-घेणं नसतं हे मला कुठलं ठाऊक! स्कूल बस चालवायला शिकले मी, बरं का—लहानपणापासून हौस होती, ती पिवळी बस, आरशात सगळी मुंडकी—परीक्षा दिली, बस उलटी घेऊन अशी नेमकी लावली की शिकवणारा टाळ्या वाजवायला लागला. सोमवारपासून ये म्हणाले. आणि त्याआधीच्या शुक्रवारी तिथल्या साहेबानं बोलावलं, डेल म्हणून होता, मान खाली घालून बुटांकडे बघत म्हणाला, रॉनी, तुझं नाव यादीत आहे गं. अख्खा बस डेपो बघत होता माझ्याकडे. मुलं छळणारी बाई! दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात एका आईनं आपलं पोरगं माझ्यापासून असं—असं कोटाच्या आड ओढलं. मी दाद मागायला गेले. म्हणाले, मुदत टळली. कळवलं होतं तुम्हाला, तुम्हीच काही केलं नाहीत. कुठं कळवलं? तर नवऱ्याच्या त्या चाकांवरच्या घरी, ट्रेलरवर. जिथून मी निघून आले होते तिथं! त्यानं ते पाकीट न फोडताच टाकून दिलं, त्याला काय पडलंय?

तिथं मात्र माझी सटकली. कारण ती बाई माझ्या घरी आली होती. स्प्रूस रस्त्यावर, माझ्या दारातून आत आली, माझ्या खुर्चीवर बसली, माझ्या हातचं खाल्लं, आणि पाकिटावर पत्ता कुठला घातला? जुना. ऑफिसात आधीपासून पडलेला असेल तो, बदलायचा कंटाळा केला असेल—एवढंच. दुष्टपणासुद्धा नाही. दुष्टपणा असता तर निदान मला माणूस धरलं असतं. नुसता कंटाळा! माझा रोल खाल्लास ना गं तू? दोन तुकडे खाल्लेस! आईची आठवण काढलीस माझ्या टेबलाशी बसून, आणि पत्ता बदलायला तुझा हात मोडला?

ओळखलंत ना. मघाशीच ओळखलंत, रोलचं निघालं तेव्हा—हात एकदम गार पडला तुमचा. मी धरलाय ना हात, मला सगळं कळतं. आता हुदाक लावते मी, माहेरचं, म्हणून ह्या बिल्ल्यावरचं नाव वाचून लक्षात नाही आलं. तुमचं मात्र माझ्या लगेच लक्षात आलं हं, मिसेस ट्रेसलर. फोनवर नाव सांगितलंत तेव्हा पेन खाली पडलं माझं. अहं—हात उचलू नका. जायचं तर जा खुशाल, पण मग हे सगळं रद्द, आणि नवीन तारीख पुढच्या महिन्यातली. आणि तुमचं कोर्ट मंगळवारी आहे ना? तुम्हीच सांगितलंत फोनवर, किती काकुळतीला येऊन सांगितलंत, शुक्रवारी तरी द्या हो, मंगळवारी जज्जपुढे उभं राहायचंय. ठसे स्वच्छ, यादी स्वच्छ, की नात कायमची तुमची. नाहीतर परक्या घरी. तुमच्या लेकीचं ऐकलं मी, नशेच्या गोळ्यांपायी पुन्हा दवाखान्यात आहे ती. वाईट वाटलं. खरंच वाटलं हो, मी काही दगड नाही. ठेवा अंगठा.

काय म्हणालात? काम केलं तुम्ही तुमचं? हो की. मी पण माझं करतेय. —नाही, माफी नका मागू, नको मला, मी काय करू तिचं? ती काय मायलोला पाठवू पार्सलनं? आठवत नव्हतं म्हणता? अगदी खरं असेल. शेकडो घरं केली असतील तुम्ही, कुठं कुठं काय काय खाल्लं असेल. मला मात्र एकच बाई होती लक्षात ठेवायला.

हं, तर एक सांगायचं राहिलं. फोनवर मी म्हटलं ना तुम्हाला, दुकानात मुलांना आणायचं नाही, नवीन नियम आहे, तुमच्याआधी बाकी सगळ्यांनी पाळलाय? तुम्ही म्हणालात, अहो, तिला ताप आहे, सांभाळायला कुणी नाही. मी म्हटलं, मग असं करा, गाडी दारासमोर लावा, हीटर चालू ठेवा, काचेतून दिसेलच, दोन मिनिटांचं काम. तर तसा काही नियम नाहीये. मुलं येतात की इथं. स्टॅनला फार आवडतात. ही गोळ्यांची बरणी त्यांच्यासाठीच ठेवलीय त्यानं—ही काय, तुमच्या कोपराशी. कधीची आहे तुमच्या कोपराशी.

आणि हे टेबल असं नसतं. एरवी ह्याचं तोंड रस्त्याकडे असतं, येणाऱ्याला बाहेरचं सगळं दिसतं. काल फिरवलं मी. एकटीनं ओढलं, कंबर धरली आहे सकाळपासून. आता मला सांगा, आल्यापासून पोरगी दिसत होती का तुम्हाला? कॅलेंडर दिसत होतं. गाडी दिसत होती का? चाकंसुद्धा नाही. मला निदान चाकं दिसत होती, मिसेस ट्रेसलर! त्याला काय म्हणतात कायद्यात, आठवतंय का? की तो शब्दही विसरलात? दारातच तर आहे गाडी, म्हणता? अंतराचा प्रश्न नाहीये.

वळून बघत होते म्हणता? नाही, दुकानात कॅमेरा आहे, तुम्ही कधी आत आलात आणि तोंड कुठं करून उभ्या होतात ते सगळं आहे त्यात. मी काही खोटं नाही सांगितलं कुणाला. मघाशी लोशन आणायला गेले ना, तेव्हा आधी पोलिसांना केला फोन, मग हॉटलाइनला. पलीकडची बाई इतकी गोड बोलत होती! विचारलं, मूल रडतंय का? मी म्हटलं, नाही, झोपलंय, पण एकटं आहे, आणि आजी पाठ करून उभी आहे. सगळं खरं. नाव विचारलं तिनं, मी म्हटलं, नाही सांगितलं तर चालेल ना? म्हणाली, चालेल की. आभार मानले माझे. म्हणाली, तुमच्यासारखी माणसं हवीत. एवढं सोपं असतं ते, मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मला वाटायचं, ज्या कुणी माझ्यावर फोन केला तिची छाती तरी किती मोठी असेल! काही लागत नाही. एक बोट लागतं.

रडू नका. काचेवर पडतंय. —परत फोन करू? आणि काय सांगू, चुकून केला? मी आले होते तुमच्या ऑफिसात विनवायला, विसरलात ते पण? काय म्हणाला होतात? एकदा नोंद झाली की माझ्या हातात काही राहत नाही. तेच आता माझं.

ती उठलीय. मघाशीच उठली, मी तिसऱ्यांदा लाल म्हटलं तेव्हा. मी नाही सांगितलं तुम्हाला. टोपी काढून टाकलीय तिनं, आणि कपाळ काचेला टेकून इकडे बघतेय. माझ्याकडे. तुमची पाठ आहे ना, म्हणून माझ्याकडेच बघतेय. काच धुरकटलीय आतून, त्यावर तिची पाचही बोटं उमटलीत. बघवत नाहीये मला. तिचं काय चुकलंय? तिचं नाव तरी काय, मी विचारलंसुद्धा नाही. काल रात्री हेच डोक्यात—तिचं काय चुकलंय, तिचं काय चुकलंय—एकदा तर वाटलं, टेबल होतं तसं फिरवून ठेवावं सकाळी लवकर जाऊन. आले होते लवकर. टेबलाला हात लावला होता. मग मला मायलो दिसला, फ्रिजसमोर, हात मागे बांधलेला, आणि म्हटलं, त्याचं तरी काय चुकलं होतं? कुणी टेबल फिरवलं होतं त्याच्यासाठी? कुणी साधा पत्ता नाही बदलला.

आला बघा. लाल-निळे दिवे भिंतीवर आलेत, तुमच्या त्या कॅलेंडरवर. तो पोलीस उतरतोय. काचेवर टकटक करतोय, हसतोय तिच्याकडे, चांगला मुलगा आहे तो, हळू बोलेल. ते सगळे हळूच बोलतात.

आता जा ना. जा! धरलंय का मी? हा सोडला हात. ठसे पूर्ण झालेत तुमचे, मंगळवारच्या आत पोचतील, माझ्या कामात खोट नसते. अंगठा? अंगठा पहिल्याच खेपेला आला होता. —आणि जाताना दार लावून घ्या, थंडी आत येते.